दुसरा बाप्तिस्मा

एर्मेस बेदोन्यीचं गॅरेज रुबिएरा गावात, कालव्याच्या अलीकडे होतं. त्यावर पाटी नव्हती. आमच्याकडे नोव्हेंबर लागला की धुकं उतरतं आणि लोक गाड्या कुठे ना कुठे आदळतात. आदळलेली माणसं विचारत विचारत एर्मेसकडे येतच, म्हणून पाटीची गरज पडली नाही. तो पत्र्याचं काम करायचा. चेपलेला दरवाजा, वाकलेला मडगार्ड, फाटलेली तळाची बाजू असं काहीही तो ठोकून, तापवून, सांधून पूर्ववत करायचा. काम झालं की मान दुसरीकडे वळवून डावा तळहात पत्र्यावरून सावकाश फिरवायचा. हात कुठे अडला नाही तर हलकी शीळ घालायचा. शीळ ऐकू आली की गिऱ्हाईक पाकीट काढायचं.

मी धंद्याने अकाउंटंट. त्याचे कर मी भरत असे, आणि गॅरेज बंद झाल्यावर त्याच्या पेन्शनची कामं बघत असे. त्याची बायको इवोन विणकामाच्या कारखान्यात होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो बारमध्ये पत्ते खेळायचा, लांब्रुस्को वाइनचा एक ग्लास प्यायचा, आणि हरला तर न बोलता घरी जायचा. एवढ्याशा आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याची गाडी.

ती अल्फा रोमिओची दोन दारांची कूपे होती. इंजिन सतराशे पन्नास सीसीचं, रंग गर्द हिरवा, पुढे चार दिवे. पार्मातल्या एका हॅमच्या व्यापाऱ्याकडून त्याने ती जुनी म्हणून घेतली होती. उन्हाळ्यात दोघं तिच्यातून समुद्रावर जात. इवोन डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची आणि तो समुद्रकाठचं रिच्चोने गाव येईपर्यंत तिच्यावर ओरडायचा.

त्या काळी आमच्याकडे गाडीचा कर आणि विमा इंजिनाच्या आकारावर ठरत असे. सत्याहत्तर साली इवोनचा कारखाना बंद पडला, पेट्रोल आधीच महागलं होतं, आणि सतराशे पन्नासचा विमा पेलवेना. इवोन म्हणाली, "वीक तिला."

"तिला विकून मी घरात बसून काय करू?"

"भांडी घास."

एर्मेसने भांडी घासली नाहीत. त्याच हिवाळ्यात तंबाखूच्या दुकानदाराची गाडी धुक्यात कालव्यात गेली. तीही तशीच कूपे, पण तेराशेच्या इंजिनाची, पुढे दोनच दिवे असलेली. तिला जूनियर म्हणत. दुकानदार पोहून बाहेर आला, गाडी मात्र भंगारात जमा. एर्मेसने ती भंगाराच्या भावाने कागदपत्रांसकट घेतली आणि नाताळच्या सुट्टीत गॅरेजचं दार आतून लावून घेतलं.

या गाड्यांचा चासी नंबर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याने जूनियरच्या पत्र्यातून नंबराचा तळहाताएवढा तुकडा कापला. आपल्या गाडीतूनही तेवढाच कापला, आणि जूनियरचा तुकडा तिथे सांधला. इवोनने दिवा धरला होता. मग त्याने पुढची जाळी बदलली आणि चार दिव्यांचे दोन केले. आतलं इंजिन सतराशे पन्नासचंच राहू दिलं. स्वतःच्या गाडीचा नंबर कालव्यातल्या सांगाड्याबरोबर भंगारवाल्याकडे गेला. सरकारदरबारी सतराशे पन्नास मेली आणि जूनियर जगली. कर तेराशेचा, पळणं सतराशे पन्नासचं.

आमच्या भागात या उद्योगाला दुसरा बाप्तिस्मा म्हणत. तो बऱ्याच जणांनी केला. पण बहुतेकांचा जोड आंधळ्यालाही सापडला असता. मी तेव्हा नुकताच कॉमर्सचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागलो होतो. बारसमोर बॉनेट उघडून उभी असलेली ती गाडी आणि भोवती वाकलेले सगळे गिअरवाले, टर्नर, वेल्डर मला आठवतात. जोड शोधायची पैज लागली होती. कुणालाच सापडला नाही.

"मग नाव काय ठेवलंस पोरीचं?" वाइनेरने विचारलं. वाइनेर गिअरबॉक्सच्या कारखान्यात होता आणि त्याची जीभ कारखान्याला सुट्टी असली तरी चालू असायची.

"जूनियर."

"लेका, अंगाने तर आईसारखी भरलेली दिसते!"

एर्मेस शीळ घालत गाडी घेऊन गेला. त्या दिवशी त्याला कुणी दारूचे पैसे देऊ दिले नाहीत.

मध्ये चाळीस वर्षं गेली. त्यांत विशेष काही घडलं नाही. गॅरेज बंद झालं, नजरेच्या मधोमध धूसर दिसू लागलं म्हणून त्याचा वाहन परवाना पुढे वाढवून मिळाला नाही, आणि गाडी चादरीखाली गेली. रविवारी तो तिला अंगणात चालू करायचा, इंजिन गरम झालं की बंद करायचा.

इवोन विसरू लागली. आधी रश्शात तीनतीनदा मीठ पडलं. मग ती पहाटे कोट घालून कारखान्यात जायला निघायची. त्या जागी आता फरशांचं गोदाम आहे. एकदा ती गोदामाच्या फाटकाशी हजेरीच्या घंटेची वाट बघत उभी असलेली सापडली. त्यानंतर एर्मेसने तिला चर्चमागच्या खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. घरापासून पाच मिनिटांची वाट. तो दोन्ही वेळेला जायचा आणि तिला भरवायचा. कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे. परिचारिकेने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. एर्मेस म्हणायचा, "तोंड उघड, मीठ एकदाच घातलंय," की उघडायची.

त्याची पेन्शन त्या आश्रमाला पुरत नव्हती. साठवलेलं संपत आलं. सरकारी आश्रमात जागा होती, पण ती वर डोंगरात, कार्पिनेतीला. जागा स्वच्छ, माणसं चांगली, खर्च ऐपतीप्रमाणे. पण तिथे बसने जायला सकाळ मोडते, आणि रोज जाणं शक्य नव्हतं.

याच सुमारास जुन्या गाड्यांचे भाव चढले. बारमध्ये वाइनेर मासिक मोठ्याने वाचायचा, जसे पूर्वी लोक फुटबॉलचे निकाल वाचत. जर्मन येतात, डच येतात, अंगणातल्या कोंबड्या हाकलून खालची गाडी घेऊन जातात. आणि सगळा खेळ इंजिनाचा. बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दोन कूपे. तेराशेवालीला एक भाव, सतराशे पन्नासवालीला त्याच्या जवळजवळ तिप्पट. तोही इंजिन जन्माचं असेल आणि नंबर जुळत असतील तरच. दुसरं इंजिन घातलेली जूनियर असेल तर तेराशेच्या भावातूनही कापतात.

"एर्मेस," वाइनेर म्हणाला, "तुझ्या चादरीखाली श्रीमंत बाई झोपलीय."

एर्मेसने हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ऑफिसात आला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अकाउंटंट, गाडी विकली तर इवोन इथे किती दिवस राहील?"

मी हिशेब केला. सतराशे पन्नास म्हणून विकली तर तीन वर्षांच्या वर. डॉक्टरांनी खासगीत त्याला सांगितलं होतं की ती तेवढी वर्षं काढणार नाही. म्हणजे शेवटपर्यंत ती चर्चमागेच राहिली असती. जूनियर म्हणून विकली तर जेमतेम एक वर्ष.

"पण ती सतराशे पन्नासच आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. कागदावर नाही."

"कागद मी केलेत. मीच सांगतो ना!"

जुन्या गाड्या तपासून दाखला देणारा एक क्लब आहे. मी तिथे फोन केला. वसंतात त्यांचा तपासनीस आला, झिरोनी नावाचा इंजिनियर. मवाळ माणूस. कोट काढून घडी करून ठेवला आणि गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"बेदोन्यीसाहेब, डॅशबोर्ड, ब्रेक, मागची सळई, सगळं सतराशे पन्नासचं आहे. बसवलंयही सुंदर."

"बसवलं नाही. होतंच."

"नंबर जूनियरचा आहे."

"तो बसवलाय."

झिरोनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तो विजेरी आणि भिंग घेऊन इंजिनावर वाकला आणि त्या आडव्या पत्र्यावर बोट फिरवू लागला. एर्मेस बाजूला उभा होता, पोटावर हात बांधून.

"इथे जोड नाही," झिरोनी म्हणाला.

"आहे."

"कुठे, दाखवा."

एर्मेसने मान वळवली आणि तळहात पत्र्यावर ठेवला. एकदा फिरवला. परत फिरवला. मग बोटांच्या टोकांनी चाचपत राहिला. त्याला स्वतःलाही तो सापडेना. त्याचे कान लाल झाले.

"आहे हो. मी केलाय म्हणून सांगतो."

"साहेब, रागावू नका. गेल्या महिन्यात हीच गोष्ट मी पाच जणांकडून ऐकली. ज्याच्याकडे जूनियर आहे आणि आत मोठं इंजिन आहे, तो प्रत्येक जण म्हणतो की ही मुळात सतराशे पन्नास होती, कर वाचवायला नंबर बदलला. तुमच्याइतकं चांगलं कुणी सांगितलं नाही, एवढंच."

"इंजिनाचा नंबर बघा ना. गाडीबरोबर जन्मलंय ते."

"बघितला. आमच्या नोंदीप्रमाणे ते इंजिन ज्या गाडीचं, ती अठ्ठ्याहत्तरमध्ये भंगारात गेली. तुम्ही भंगारातून इंजिन घेतलंत. तेव्हा सगळे घ्यायचे. त्यात गैर काहीच नाही."

"तीच ही गाडी आहे!"

झिरोनीने भिंग खिशात ठेवलं. एर्मेस हातोडी, पॉलिश पेपर ठेवलेल्या फळीकडे वळला. "रंग खरवडतो. खाली पितळेचा सांधा आहे, डोळ्यांना दिसेल. दहा मिनिटं द्या."

"थांबा," झिरोनी म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज चढला. "खरवडलंत तर काय दिसेल? नंबराचा तुकडा बदललाय, इतकंच दिसेल. मूळ तुकडा कुठाय? वितळला. तुमची गाडी खरी आहे हे त्यातून ठरत नाही, नंबर खोटा आहे हे ठरतं. मग मला ते लिहावं लागेल, गाडी पोलिसांच्या आवारात जाईल आणि तुम्ही कोर्टात. आतापर्यंत तुम्ही जे बोललात ते मी ऐकलेलं नाही." तो कोट घालू लागला. मग दारात थांबून त्याने विचारलं, "त्या वेळी दुसरं कुणी होतं?"

"बायको. दिवा तिने धरला होता."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

एर्मेसने बॉनेट खाली घेतलं. आपटलं नाही. हाताने दाबून, कुलूप बसल्याचा आवाज येईपर्यंत धरून ठेवलं.

त्या दिवशी बारमध्ये वाइनेर म्हणाला, "तुला तेव्हाच सांगत होतो, दारू पिऊन वेल्डिंग कर. त्या गोरीनीनेही नंबर बदलला, त्याच्या गाडीचा सांधा बघ, जणू शेणाची गोवरी थापलीय. तिच्यावर कुणीही विश्वास ठेवील."

कुणी हसलं नाही. एर्मेस म्हणाला, "पत्ते वाट."

मोदेनाचा व्यापारी मिर्को स्पाज्जारी जून महिन्यात आला. चाळिशीचा, पायात मोज्यांशिवाय बूट. कराराच्या कागदांसाठी एर्मेसने मला बोलावून घेतलं होतं. मिर्कोने गाडी बघायला झिरोनीच्या निम्माही वेळ घेतला नाही. दार उघडून बिजागरी बघितली, सीटखाली हात घातला, मग सरळ आडव्या पत्र्यापाशी गेला आणि नुसता हसला.

"बेदोन्यीसाहेब, हे कुणी केलंय?"

"कुणी काय केलंय?"

"माझ्यापासून काय लपवता? माझे वडील याच धंद्यात होते. मला सांधा दिसत नाही, पण ही बाई जूनियर नाही. आतली बांधणीच सांगते."

एर्मेसचा चेहरा क्षणभर उजळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं. "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"पूर्ण. म्हणून तर घेतोय."

"मग भाव सतराशे पन्नासचा लावा."

"साहेब, मी कागद विकत घेतो. कागद जूनियरचा, त्यात इंजिन परकं. भाव त्याचा."

"आणि विकणार काय म्हणून?"

मिर्कोने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "आधी रंग देऊ. मग बघू."

मी एर्मेसला बाहेर कालव्याकडे नेलं. म्हटलं, आणखी एखादं गिऱ्हाईक बघू, घाई करू नका. तो म्हणाला, "जुलैची फी आश्रमाला द्यायचीय. दुसरं गिऱ्हाईक येऊन काय बघणार? तोच नंबर." आत येऊन त्याने भाव थोडा वाढवून घेतला, तोही मिर्कोने बक्षिसासारखा दिला. सही झाली. एर्मेसने किल्ली देताना सांगितलं, "सकाळी थंड असताना दुसरा गिअर घाईने टाकू नका. ती कुरकुरते."

"जमेल," मिर्को म्हणाला. गाडी फाटकातून बाहेर पडताना त्याने दुसरा गिअर घाईनेच टाकला.

ऑक्टोबरात मोदेनाला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं. वाइनेर हट्टाने आम्हा दोघांना घेऊन गेला. माणसाने कधीतरी गावाबाहेर पडावं म्हणून. दुसऱ्या मंडपात ती उभी होती. गर्द हिरवी, पुढे पुन्हा चार दिवे, खाली लाल गालिचा. फलकावर लिहिलं होतं: सतराशे पन्नास, जर्मनीहून परत आलेली, सर्व नंबर जुळणारे. भाव लिहिलेला नव्हता, 'चौकशी करा' होतं.

एर्मेसने डाव्या चाकाच्या कमानीआत हात घातला. तिथे त्याने पूर्वी एक चीर सांधली होती. मान वळवून तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तीच."

बॉनेट उघडं होतं. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. नवा नंबर ठोकलेला होता.

"आकडे एका ओळीत आहेत का?"

"नाहीत. पाचाचा आकडा खाली घसरलाय."

"आणि कडा?"

मी बोट फिरवलं. उजव्या बाजूला पत्र्याचा उंचवटा लागत होता. जोड सापडायला मला अकाउंटंट असूनही अडचण आली नाही. तसं मी त्याला सांगितलं.

"गाढवाने केलंय," एर्मेस पुटपुटला.

"तक्रार करा," मी म्हणालो. "हा सरळ खोटेपणा आहे."

"काय तक्रार करू? की ही खरी आहे?"

तेवढ्यात स्टॉलवरची मुलगी लगबगीने आली. "आजोबा, हात लावू नका हं. ही अस्सल आहे."

"माहीत आहे मला, बाळ," एर्मेस म्हणाला.

परतताना वाइनेरने वाटेत पुरीसारखा फुगवून तळलेला न्योक्को आणि हॅम घेतला. एर्मेसने खाल्ला नाही. गाडीत मागे बसून तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला बाहेरचं फारसं दिसत नव्हतं.

मिर्कोचे पैसे माझ्या हिशेबापेक्षा आधी संपले, कारण जानेवारीत आश्रमाने फी वाढवली. मी नगरपालिकेत जाऊन आलो, परगण्याच्या कचेरीत जाऊन आलो. सगळीकडे बसायला खुर्ची दिली आणि एकच सांगितलं, की कार्पिनेतीला जागा आहे आणि ती जागा फार दिवस मोकळी राहणार नाही. मार्च महिन्यात इवोनला तिकडे हलवलं. गाडीत एर्मेस तिच्याशेजारी बसला. ती त्याला दोनदा म्हणाली, "अहो, कारखान्याचा थांबा मागे गेला."

तो घाबरला होता एकाच गोष्टीला, की ती जेवणार नाही. पहिला आठवडा त्याने रोज फोन केला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, थोडं खाल्लं. सहाव्या दिवशी म्हणाले, सगळं खाल्लं. मंगळवार आणि शनिवार तो बसने जाऊ लागला. पहाटेची बस, रेज्जोला बदलायची, मग वळणावळणाने वर. पोचेपर्यंत जेवणाची वेळ होते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तिथे मोल्दोवाची एक मदतनीस बाई आहे, लिदिया. मोठ्या हातांची, गाणं गुणगुणणारी. इवोन खिडकीशी बसली होती. वजन थोडं वाढलेलं, केस विंचरलेले. एर्मेसने टोपी काढली, खुर्ची ओढली, ताट घेतलं आणि चमचा पुढे केला.

"तोंड उघड. मीठ एकदाच घातलंय."

इवोनने त्याच्याकडे पाहिलं, जसं आपण बसमध्ये फार जवळ येऊन बसलेल्या माणसाकडे पाहतो. मग ओठ घट्ट मिटले आणि मान लिदियाकडे वळवली. लिदिया ओशाळून म्हणाली, "आज जरा दमल्यात त्या," आणि चमचा त्याच्या हातातून घेतला. इवोनने तोंड उघडलं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. खाली सपाटी दिसू लागल्यावर म्हणाला, "खातेय. ते बरं आहे."

"हो," मी म्हणालो.

तो अजून मंगळवारी आणि शनिवारी जातो. पोचला की आधी आत जात नाही. तो समोर असला तर ती अर्धं जेवण टाकते, असं लिदियाने त्याला हळूच सांगितलंय. म्हणून जेवण होईपर्यंत तो व्हरांड्यातल्या बाकावर बसतो आणि भांडी गोळा करायचा आवाज आला की टोपी काढून आत जातो.